उरलेला चौकोन

१

“नीट भरला हिनं. तू सांगितलं नव्हतं का रे हिला?”

हे वाक्य समीक्षाच्या कानांसाठी नव्हतं. ती मोरीत पाय धूत होती आणि मोरीची भिंत वर पत्र्यापर्यंत पोचत नव्हती, एवढंच. विचारणारी तिची सासू सविता. ज्याला विचारलं तो प्रशील, चार तासांपूर्वी तिचा नवरा झालेला.

“मला वाटलं, तू सांगशील.”

“बायको तुझी. सहा महिने फोनवर बोलू राहिला होता, तेवढं एक सांगायला काय जीभ झडली होती?”

मग तिसरा आवाज आला. सासऱ्यांचा, बन्सीलालआबांचा. शांत, जवळजवळ खुशीतला. “जाऊ द्या आता. झालं ते झालं. हात चांगला आहे पोरीचा.”

कोणीतरी नाक ओढलं. समीक्षाने पायांवर आणखी एक तांब्या ओतला, म्हणजे आपण ऐकलं नाही असं त्यांना वाटावं. नव्या सुनेला तेवढं कळतं.

सकाळी जामनेरला लग्न लागलं होतं. वंदना झाली, पंचशील झालं, जेवणं झाली, आणि ऊन कलायच्या आत वरात रावेरला. तिच्या माहेरासारखंच हेही बौद्धांचं घर, त्यामुळे उंबऱ्यावर माप नाही, उखाणे नाहीत. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली की सून घरात आली. पण एकही रीत नाही असं घर कुठं असतं? मेणबत्ती लावून ती वळली तर आबांनी तिच्यापुढे एक लाकडी फळा धरला. फळ्यावर कागद, कागदावर पेन्सिलीने आखलेले चौकोन, आणि चौकोनांत कोणा वारलेल्या माणसाचं चित्र, डोकं खाली करून. सगळे चौकोन भरलेले. एक कोरा.

“नव्या सुनेनं एक भरायचा,” कुठलीशी मावससासू म्हणाली. “गंमत असते व बाई. कसाही भर.”

कसाही भरणं समीक्षाला कधी जमलं नव्हतं. ती प्रयोगशाळेचा कोर्स केलेली मुलगी. सूक्ष्मदर्शकाखाली चौकोन कोरलेल्या काचेवर तिने रक्ताच्या पेशी मोजल्या होत्या, आणि मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की शेजारचा चौकोन या जगात नाही असं समजायचं. फळ्याला एक छोटा फोटो अडकवला होता, तोही उलटा. त्यातला तेवढाच चौकोन तिने पाहिला. वर डावीकडे काळं, मग राखी, मध्ये तिळाएवढा पांढरा ठिपका. तिने तेवढंच कागदावर केलं. दहा मिनिटं लागली. भोवतीचं हसणं चौथ्या मिनिटाला थांबलं होतं. तिला वाटलं, कौतुकाने थांबलं.

२

घर बऱ्हाणपूर रस्त्याला होतं. एकामागे एक तीन खोल्या. पुढची दुकानाची, तिच्यावर ‘बन्सी आर्ट’ अशी पाटी. मधली चित्राची, तिला फक्त वरून झरोका. मागची स्वयंपाकाची. केळीचे ट्रक गेले की मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना ढुशा देत.

आबा वारलेल्यांची चित्रं काढायचे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हार घालायला जे मोठं चित्र लागतं, ते. आता फ्लेक्सवाले तासाभरात छापून देतात, तरी आबांकडे माणसं येतच. कारण खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा धड फोटोच नसतो. कधी कधी तर गेल्यावर कोणीतरी मोबाइलवर काढलेला एकच असतो. असा फोटो आला की आबांची पद्धत ठरलेली. “आधी नाकातला कापूस काढायचा. मग डोळे उघडायचे. मग कॉलर,” ते फोडणी सांगावी तसं सांगायचे. आणि सगळं उलटं ठेवून. सुलटा चेहरा दिसला की माणूस चेहरा काढायला जातो आणि चुकतो. उलटं ठेवलं की फक्त काळं-पांढरं उरतं.

पेन्सिलीचा आवाज घरभर असे. खस्स, खस्स, मग थोडं थांबून कागदाच्या सुरळीने पुसल्याचा मऊ आवाज, मग पुन्हा खस्स. दोन दिवसांत समीक्षाला तो पंख्याच्या आवाजासारखा ऐकू येईनासा झाला.

पाचव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते. प्रशीलची रजा संपायची होती, तोही होता. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. आबा समोर बसून भाकरी कुस्करत होते. समीक्षाने ताटात पाणी सांडलं म्हणून कपडा घ्यायला हात लांबवला आणि तिच्या लक्षात आलं, आवाज चालू आहे.

खस्स, खस्स. थांबून, मऊ. पुन्हा खस्स.

तिने आबांचे दोन्ही हात पाहिले. भाकरीत होते. मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

“आत कोणी आहे का?” तिने विचारलं.

“कुठी?” सविता म्हणाली आणि उठून टीव्हीचा आवाज मोठा केला. प्रशील ठेचा वाढून घेत होता. त्याला ठेचा सोसत नाही, हे त्यानेच तिला फोनवर सांगितलं होतं.

उंदीर असेल, समीक्षाने ठरवलं. किंवा पत्र्यावर केळीचं वाळकं पान घासत असेल. तिचे वडील, भिकन गुरुजी, चाळीस वर्षं जामनेर तालुक्यातल्या पोरांना एकच गोष्ट शिकवत आले होते, की आधी कारण शोध, मग घाबर. ती जेवण झाल्यावर अंगणात जाऊन पत्रा बघून आली. पत्र्यावर काही नव्हतं. त्या दिवशी वाराही नव्हता.

३

प्रशील दीपनगरच्या वीज केंद्रात कंत्राटी ऑपरेटर होता. तिथे खोली होती, सुट्टीला घरी यायचा. पुढच्या सुट्टीत तिने त्याला गाठलं.

“तुझ्या आईने भरला होता का चौकोन? लग्न झालं तेव्हा?”

“भरला म्हणजे काय, आजोबांच्या फळ्यावर जिलबी काढली. गोल गोल. आजीने तिला आधीच सांगून ठेवलं होतं, वाकडंतिकडं कर म्हणून.”

“आणि तू?”

“मला दहावीनंतर बसवला होता. मी त्यात चड्डी काढली.” तो हसला. मग हसणं जरा जास्त वेळ ठेवलं.

“आणि नीट भरला तर काय होतं?”

“काय होणार? काही नाही होत. आपल्यात असलं काही असतं का? तू तर गुरुजींची पोरगी.” तो बूट घालायला वाकला. “तुझं धुळ्याचं पत्र येऊ दे एकदा. मीही तिकडे काहीतरी बघतो. सुटलो.”

सुटलो, हा शब्द तिने ठेवून घेतला. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा सहाय्यकाच्या यादीत तिचं नाव लागायचं होतं. तीन वर्षांचा अभ्यास, दोनदा हुकलेली परीक्षा. ती नोकरी तिला हवी होती, पण सुटायचं आहे असं तिने कधी म्हटलं नव्हतं.

“आबा आधी टेलिफोनमध्ये होते ना? पर्मनंट नोकरी सोडून यात कसे आले?”

“आवड,” प्रशील म्हणाला. पोरं पाढे म्हणतात तसं म्हणाला. त्या घरात येणारा प्रत्येक जण आबांना हाच प्रश्न विचारी आणि आबाही हेच उत्तर देत. विचारणारे खूश होत. कलावंताने असंच म्हणायचं असतं, असा लोकांचा समज.

दारातून बाहेर पडताना प्रशील मधल्या खोलीतून गेला नाही. अंगणातून वळसा घालून पुढे गेला. तो नेहमीच तसा जातो, हे तिला तेव्हा जाणवलं.

४

मग तिचा हात सुरू झाला.

पहिल्यांदा परातीत. पीठ पसरलं होतं आणि बोटाने चौकोन आखले गेले, सरळ, पट्टीने आखावेत तसे. मग गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर एक कान. मग दुधाच्या रिकाम्या पिशवीवर कोळशाने मनगट. शाळेत चित्रकलेच्या सरांनी तिच्या वहीवर ‘हा हत्ती असल्यास खाली लिहावे’ असा शेरा मारला होता. हे मनगट मात्र असं होतं की नाडी बघावीशी वाटेल.

आबांना चहा द्यायला गेली की ते स्टूल पुढे सरकवत. “बैस. शर्टावरची रेघ तेवढी ओढ.” तिने रेघ ओढली. मग खिसा. मग गळ्यावरची सावली. चहावर साय धरायची आणि तिला कळायचं की तास गेला.

यात भीतीचं काय, असं कोणीही विचारेल. भीतीचं हे, की तिला छान वाटत होतं. जन्मात असं वाटलं नव्हतं. पेन्सिल कागदाला लागली की मागे कोणीतरी पाठीवरून हात फिरवतंय असं वाटायचं. आणि हात उचलला की तो फिरणारा हातही थांबायचा, वाट बघत. ती स्वतःला म्हणायची, हीच ती आवड. नोकऱ्या सोडून माणसं हेच करतात ते याच्याचसाठी. आपल्याला उशिरा सापडली, एवढंच.

शिरपूरकडचा उखर्डू नावाचा एक माणूस बापाचं चित्र न्यायला आला. बापाचा फोटो मेल्यावरचाच होता. चित्रातला म्हातारा डोळे उघडून, धुतलेली टोपी घालून बसला होता. त्यातला अर्धा समीक्षाने काढलेला. उखर्डूने चित्र उचलून उजेडात धरलं.

“हाऊ मना बाप शे. बठ्ठा तोच शे. आते बोली असं वाटस.” मग तो तिच्याकडे वळला. “ताई, तुम्ही शिकेल शेतस ना? हाई काम कसाले धरं?”

हे काम का धरलं, हा आबांना विचारायचा प्रश्न आता तिला आला होता. आबांनी तिच्याकडे पाहिलं. ती हसली. उत्तर ओठांवर आलं होतं, आणि ते आपलं नाही असं तिला वाटलं.

५

पत्र आलं. नावासकट, शिक्क्यासकट. पंधरा दिवसांत धुळ्याला हजर व्हायचं. तिकडे जामनेरला नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, फोनवरच अख्खी गल्ली ओरडून जमवली. “माझी पोरगी सरकारी झाली! मी स्वतः सोडायला येतो तुला. शर्ट शिवायला टाकलाय.”

ती नाचतच मधल्या खोलीत गेली. आबा पुढे दुकानात कोणाशी बोलत होते. आपला फळा आवरून ठेवावा म्हणून तिने उचलला. दोन आठवडे दुपारी ती एक कागद भरत होती, मोठा, रोज तीन-चार चौकोन. जवळजवळ झाला होता. कोणाचा आहे, परत कधी न्यायचाय, हे बघायला तिने डावीकडच्या चिमट्यातला फोटो काढायला हात नेला.

चिमटा रिकामा होता.

पडला असेल. तिने खाली पाहिलं, स्टुलाखाली, चटईखाली. मग तिला आठवायला लागलं. प्रत्येक चौकोनाआधी ती डावीकडे बघत होती, हे नक्की. तिथे काय बघत होती, ते आठवेना.

“आबा, या कागदाचा फोटो कुठं आहे?”

आबा दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

“मी तुला कोरा कागद दिला होता, बाळा. चौकोनबी तूच आखले.”

कागद उलटा होता. नुसतं काळं-पांढरं. सुलटा करायला किती वेळ लागतो? फळ्याची खालची कड वर आणायची. त्यात काही नसतं. कागद असतो.

तिने कड वर आणली.

हनुवटी. बारीक कातरलेली मिशी. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे दोन खड्डे, चष्म्याशिवाय. नाना चष्मा फक्त अंघोळीला काढतात, ते खड्डे घरच्यांशिवाय कोणी पाहिलेले नाहीत. डोळे मिटलेले. आणि नाकपुड्यांत पांढरं काहीतरी, इतकं बारकाईने काढलेलं की त्याचा एक तंतू ओठावर आलेला दिसत होता.

कपाळावर उजवीकडे एक चौकोन कोरा होता.

तिने फळा पुन्हा उलटा केला. तेवढ्यात जे पाहिलं त्याच्यावर पुढे कितीही विचार केला तरी तिला एवढंच खात्रीने सांगता आलं असतं, की ते काम चांगलं होतं. तिने आजवर केलेलं सगळ्यात चांगलं.

६

सविता मेथी निवडत होती. समीक्षाने फळा पालथा धरून तिच्यासमोर ठेवला आणि कोणाचा चेहरा आहे ते सांगितलं.

सासूने ‘काय बोलू राहिली’ असं म्हटलं नाही. डोळेही मोठे केले नाहीत. तिने विचारलं, “पुरा झाला?”

“एक राहिलाय.”

“मग ठीक आहे.” तिने हातातली काडी मोडली. पानं एकीकडे, देठ एकीकडे. “फाडू नको फक्त.”

“का?”

सविता भिंतीकडे बघत राहिली. अख्खं घर हाताने काढलेल्या चेहऱ्यांचं. त्या एका भिंतीवर मात्र स्टुडिओत काढलेला पोस्टकार्डाएवढा फोटो होता, दोन वेण्यांच्या मुलीचा. रूपा. प्रशीलच्या आधीची. तापाने गेली, एवढंच समीक्षाला सांगितलेलं.

“तेव्हा हे टेलिफोनमध्ये होते. तथीच, कामाच्या कागदावर बसल्या बसल्या हिचा चेहरा...” ती थांबली. “हेबी तुझ्या बापासारखेच. असलं काही नसतं म्हणे. आणला घरी आणि फाडला माझ्यासमोर. ताप चढला तिला, त्याच दुपारी.”

मेथीची जुडी संपली होती. सविता रिकाम्या सुतळीची गाठ सोडत बसली.

“मग मला का नाही सांगितलं, आई? त्या दिवशी?”

“मला वाटलं, प्रशील सांगेल.” सुतळी बाजूला ठेवून ती म्हणाली, “आणि यांचा हात आताशा थरथरतो, घरात दुसरा हात लागणारच. मी काय सांगणार होती का, नव्हती, माझं मलाच माहीत नाही व पोरी.”

संध्याकाळच्या आत, झरोक्यात अजून ऊन असताना, समीक्षा आबांना विचारायला गेली. ते स्टुलाखालची पेटी उघडून वाकले होते. पेटीत एकच कागद होता, म्हातारा, कडांना तपकिरी पडलेला. तिला त्याचा कोपरा दिसला. एका बाईचा कान, त्याची पाळी खालून फाटलेली. सविताची पाळी गेल्या वर्षी यात्रेच्या गर्दीत कानातलं ओढून फाटली होती. कागद मात्र कित्येक वर्षांचा जुना होता.

आबांनी झाकण लावलं. रागावले नाहीत.

“एकतीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “हाताला दुसरं काम लागतं. रोज लागतं. बाकी मला काही समजत नाही.”

७

ती गुरुजींची मुलगी होती आणि प्रयोगशाळेत शिकलेली. म्हणून तिने तपासून पाहिलं.

कागद फळ्यासकट मधल्या खोलीतल्या गोदरेजच्या कपाटात ठेवला. कुलूप लावलं, किल्ली मंगळसूत्रात ओवली. चौकोन कोरा आहे याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मग ठरवलं, तीन दिवस पेन्सिलीला शिवायचं नाही. भांडी घासली, गोधड्या धुतल्या, सासूला नको असताना पापड लाटले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाण्याचा हंडा उचलत असताना सविता तिच्या हाताकडे बघायला लागली. करंगळीपासून मनगटापर्यंत पेन्सिलीचा राखी लेप. किल्ली गळ्यातच होती. कपाट उघडलं. चौकोनाचा एक कोपरा भरला होता. कपाळावर केस जिथून सुरू होतात, तिथला.

मग चार दिवस तिने उलट केलं. सकाळी आंघोळ झाली की मधल्या खोलीत बसायचं, संध्याकाळी दिवे लागेपर्यंत उठायचं नाही. एकामागून एक परक्यांची माणसं काढली. सावदा, यावल, फैजपूर, सगळीकडची. हात दुखून येई. चौकोन होता तेवढाच राहिला.

एकदा आलेल्या निकालावर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून तिने पुन्हा एक दिवस हात रिकामा ठेवला. फक्त एक. आता चौकोन अर्ध्याहून जास्त भरलेला होता. तिसऱ्यांदा तपासायची सोय राहिली नव्हती.

धुळ्यात ती दिवसभर रक्ताच्या काचा बघणार. हात रिकामा. आबाही टेलिफोनच्या टेबलाशीच बसले होते ना.

प्रशीलला तिने फोन केला. दोन वाक्यं ऐकून तो म्हणाला, “मला नको सांगू, समीक्षा. पाया पडतो तुझ्या. मला नको सांगू.” मागे बॉयलरचा घरघराट चालला होता. तो आवाज तुटला तेव्हा तिला कळलं, प्रशीलने फोन ठेवलाय.

उरले नाना. त्यांना सांगितलं तर काय होईल, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. ते रागावणार नाहीत. मोठ्याने हसतील. म्हणतील, आण तो कागद इकडे, तुझ्या मनातली भीती आत्ता काढतो. आणि चाळीस वर्षं वर्गापुढे मंतरलेल्या चिठ्ठ्या फाडत आले तसा, एका दमात, उभा फाडतील. जगात असा एकच माणूस होता ज्याच्याकडे तिने प्रत्येक भीती नेली होती, आणि ही एकच भीती त्याच्याकडे नेता येत नव्हती.

८

नाना सकाळच्या गाडीने आले. नवा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, काखेत तिच्यासाठी घेतलेली नवी पिशवी. दारातूनच आवाज.

“काय बन्सीभाऊ! आमच्या सरकारी बाई तयार आहेत का? का अजून केसच विंचरताहेत?”

“या, गुरुजी,” आबा म्हणाले. सविता पाणी घेऊन आली ती उभीच राहिली. प्रशील रजा काढून आला होता, तो दुकानाच्या पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत-बांधत होता.

“हे काय? घरात कोणी वारलंय का?” नाना हसले. भिंतीभर वारलेलेच होते. मग त्यांना मुलगी दिसली, मधल्या खोलीत, झरोक्याखाली, घरच्या साडीत. मांडीवर फळा. हात चालूच.

“बेटा, साडेअकराची गाडी आहे.”

“हो, नाना.”

“मग उठ की.”

खस्स, खस्स. कोणा बाईच्या लुगड्याचा काठ होता. तो संपवून तिने लगेच दुसरा चौकोन धरला.

नाना आत आले. दुसरं स्टूल नव्हतं म्हणून चटईवर मांडी घालून बसले, शाळेत कच्च्या पोराजवळ बसत तसे. बराच वेळ त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं कौतुकही आलं, आणि तेच तिला बघवेना.

“सुंदर आहे ग. कधी शिकलीस? मला बोलली नाहीस.” मग आवाज खाली आणून, “तुला इथं कोणी अडवून ठेवलंय का? खरं सांग. मी आहे.”

तिने मान हलवली. नाही.

“मग हे काय आहे? मी पोरांना निबंध घालायचो, ‘मला कलाकार का व्हावंसं वाटतं’. पन्नास पोरं लिहायची, नाव मिळतं, आनंद मिळतो, मन रमतं. एकदा एका पोराने लिहिलं होतं, सर, दुसरं काही करता येत नाही म्हणून. त्याला मी पैकीच्या पैकी दिले होते, खरं बोलला म्हणून. तुला तर दुसरं करता येतं! तीन वर्षं डोळे फोडलेस त्याच्यासाठी. शिक्क्याचं पत्र आलंय घरात. कोणी सोडतं का असं?”

पुढच्या खोलीत आबा भिंतीला टेकून खाली बघत होते. सविताने तांब्या खाली ठेवला.

“बोल ना काहीतरी,” नाना म्हणाले आणि हात टेकून उठायला लागले. उठताना त्यांनी आधाराला कपाटाची मूठ धरली. कपाट उघडंच होतं. आज सकाळी तिने चौकोन बघून ठेवला होता आणि कुलूप लावायचं राहिलं होतं. दार आवाज करत थोडं बाहेर आलं. आत फळा भिंतीकडे तोंड करून उभा होता, वर तिची ओढणी टाकलेली.

“हेही तुझंच का? बघू तरी. एवढं काय आहे यात, की पोरगी नोकरीला लाथ मारते.”

त्यांनी चष्मा सारखा केला. ओढणीला हात घातला.

तिच्या उजव्या हाताने पेन्सिल सोडली नाही. डाव्या हाताने तिने त्यांचं मनगट धरलं, घट्ट. लहानपणी यात्रेत धरायची त्याहून घट्ट. बोटांखाली नाडी लागत होती. नेमकी, ठणठणीत. नाना चकित होऊन तिच्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच तिने त्यांचा हात अडवला होता. त्यांच्या मागे सासू, सासरा आणि नवरा दारात येऊन उभे होते, तिघेही, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिने एकदाही आवाज चढवला नव्हता. आता चढवला, म्हणजे सगळ्यांनाच ऐकू जावं.

“कोणी अडवलं नाही मला. माझ्या मनानंच बसलेय मी, नाना. तुम्ही असेपर्यंत तरी मला इथून उठवू नका.”